हेड गॅस्केट गेलंय का, आणि ते घरी बदलता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: चार सिलेंडरची पेट्रोल गाडी, ॲल्युमिनियमचं हेड, टायमिंग बेल्टचं इंजिन. लांबच्या प्रवासात रेडिएटरचा वरचा होज पाइप फुटला आणि लक्षात येईपर्यंत काटा लाल रेषेवर गेला. होज बदलला, पण तेव्हापासून आठवड्याला लिटरभर कूलंट कमी होतंय आणि गाडीखाली थेंबही दिसत नाही. सकाळी सुरू केल्यावर इंजिन थरथरतं, पांढरा धूर येतो आणि अर्ध्या मिनिटात सगळं सुरळीत होतं. ऑईलच्या झाकणाखाली पांढरट साय आहे. हेड गॅस्केट गेलं आहे का, आणि पान्यांची बऱ्यापैकी सवय असलेल्या माणसाला ते घरी बदलता येईल का?

दोन्हींचं उत्तर बहुधा 'हो' असंच आहे. पण त्या 'बहुधा'ची खात्री करून घेतल्याशिवाय हेडच्या बोल्टला पाना लावू नका. आणि तोपर्यंत गाडी चालवू नका. ऑईलमध्ये कूलंट मिसळत असेल तर क्रँकच्या बेअरिंगा खराब व्हायला फार किलोमीटर लागत नाहीत. रात्रभरात सिलेंडरमध्ये जास्त पाणी साचलं तर सकाळी स्टार्टर मारताक्षणी पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. मग गॅस्केटचं काम इंजिनवर जातं.

आधी नेमकं काय होतंय ते समजून घेऊ, म्हणजे पुढच्या तपासण्यांचा अर्थ लागेल. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्या मधल्या या गॅस्केटला एकाच पातळ थरात तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात: सिलेंडरमधला स्फोट, कूलंटचे मार्ग आणि ऑईलचे मार्ग. जोर लावलेल्या इंजिनात स्फोटाचा दाब ५० बारच्या वर जातो. कूलंटचा दाब असतो साधारण १ बार. त्यामुळे फट अगदी बारीक असली तरी इंजिन चालू असताना जळालेला गॅस कूलंटमध्ये घुसतो. इंजिन बंद केलं की सिलेंडरमधला दाब शून्यावर येतो, पण गरम कूलंट अजून दाबाखाली असतं, आणि आता ते उलट्या वाटेने सिलेंडरमध्ये झिरपतं. म्हणून तुमची गाडी सकाळी थरथरते. एका सिलेंडरच्या प्लगवर पाणी आहे, ते वाफ होऊन धुरातून गेलं की इंजिन सुधारतं. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या लक्षणांत मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

झाकणाखालच्या सायीवर मी एवढा विश्वास ठेवत नाही. थंड हवेत रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली तरी झाकणाखाली तशीच साय धरते, कारण ऑईल पुरेसं तापत नाही आणि वाफेचं वरच पाणी होतं. डिपस्टिक काढून बघा. तिच्यावरचं ऑईल दुधाळ असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली असेल, तर ती गोष्ट खरी.

आता तपासणी. पहिली तपासणी बिनखर्चाची आहे. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना वरचा होज हाताने दाबून बघा, मऊ असला पाहिजे. इंजिन सुरू करा आणि दोन मिनिटांनी पुन्हा दाबा. कूलंट तापून दाब तयार व्हायला यापेक्षा बराच वेळ लागतो. एवढ्यात होज टणक झाला असेल तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलेंडरमधून येतोय. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच काढून सुरू केलं, तर सतत येणारे बारीक बुडबुडेही दिसतील. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. थांबत नाहीत ते बुडबुडे गॅसचे. झाकण गरम इंजिनावर कधीच उघडू नका. दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपासही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो आणि ते पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. मी भाजलेले हात पाहिले आहेत.

दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत चांगली तपासणी रसायनाची. रेडिएटरच्या तोंडावर बसणारी काचेची नळी मिळते, तिच्यात निळं द्रव घालतात. कूलंटची पातळी थोडी खाली घ्या, नाहीतर ते नळीत ओढलं जाऊन द्रव खराब होईल. इंजिन चालू ठेवून रबरी फुग्याने रेडिएटरमधली हवा त्या द्रवातून खेचत राहा. हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर निळं द्रव हिरवट आणि मग पिवळं होतं. कूलंटमध्ये तो गॅस यायला सिलेंडरमधली गळती सोडून दुसरं कारण नाही. वाट गॅस्केटमधून असो की हेडच्या तड्यातून. द्रव जुनं असेल तर आधी सायलेन्सरच्या तोंडाजवळची हवा ओढून रंग बदलतो का ते बघून घ्या. फट बारीक असली तर नुसत्या आयडलिंगवर रंग बदलायला वेळ लागतो. दहा मिनिटं द्या, आणि मधूनमधून रेस करा.

तिसरी, कूलिंग सिस्टिमला हातपंपाने दाब देण्याची. झाकणावर जेवढा दाब लिहिला असेल तेवढाच द्या, त्याहून जास्त नको. काटा रात्रभर स्थिर राहतोय का बघा. सकाळी सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशन आणि इंधन बंद करा आणि स्टार्टर मारा. ज्या भोकातून पाण्याचा फवारा उडेल तो सिलेंडर गुन्हेगार. तोंड भोकांपासून लांब ठेवा. प्लगही एका ओळीत मांडून बघा. बाकी तीन तपकिरी आणि एकच नुकताच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर तिथे रोज वाफेची अंघोळ होते आहे.

कॉम्प्रेशन टेस्टबद्दल, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब तयार करतो ते प्लगच्या भोकातून मोजण्याबद्दल, एक सावधगिरी. शेजारशेजारच्या दोन सिलेंडरचे आकडे एकदमच कमी आले असतील, तर त्यांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळली आहे हे जवळपास निश्चित. पण चारही आकडे चांगले आले म्हणून गॅस्केट चांगलं, असं समजू नका. कूलंटकडे जाणारी बारीक फट एवढ्या कमी दाबाला दाद देत नाही. एकाच सिलेंडरचा आकडा कमी आला तर त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, तसाच राहिला तर वॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. कॉम्प्रेसर हाताशी असेल तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर आणून प्लगच्या भोकातून हवा भरा आणि कान द्या. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. डिपस्टिकच्या नळीतून फुसफुस आली तर रिंगा. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. हवेच्या दाबाने क्रँक अचानक फिरू शकतो, त्या वेळी बेल्टजवळ बोटं नकोत.

हेच नाटक करणारे दुसरे दोषही आहेत. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग थकली तर कूलंट गुपचूप उडून जातं. वॉटर पंपाची गळती गरम ब्लॉकवर पडून वाळते, खाली थेंब येत नाही, फक्त पांढरा किंवा रंगीत डाग राहतो. हीटरची जाळी गळाली तर पायाखालचा गालिचा ओला होतो. ऑईल कूलर आतून फुटला तर ऑईल आणि कूलंट मिसळतात आणि गॅस्केट बिचारं निर्दोष असतं. डिझेल गाडीत ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा एक्झॉस्टचा गॅस थंड करणारा) फुटला तरी कूलंट कमी होतं आणि पांढरा धूर येतो. असल्या गाडीचं हेड विनाकारण उघडलेलं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. म्हणून निळं द्रव पिवळं झालं नाही तर थांबा आणि ही यादी आधी संपवा.

बाटलीतून कूलंटमध्ये ओतायच्या सीलरबद्दल लोक हमखास विचारतात. भंगारात जाणारी गाडी आणखी महिनाभर चालवायची असेल तरच ते वापरा. ते फट कुठली आणि हीटरची नळी कुठली हे ओळखत नाही. हीटर आणि रेडिएटर तुंबवलेलं सीलर नंतर खरवडून काढणं हे गॅस्केटपेक्षा त्रासाचं काम आहे.

आता काम घरी करायचं का ते ठरवा. त्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल, खात्रीचा टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना), कोन मोजायची चकती, स्ट्रेट एज (अगदी सरळ कडेची धातूची पट्टी), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पानांचा जुडगा), आणि गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तरी चालेल अशी सोय, एवढं असेल तर करा. मॅन्युअल नसेल तर करू नका. व्ही आकाराचं इंजिन, मागच्या बाजूला असलेली टायमिंग चेन किंवा कॉमन रेल डिझेल असेल, तर पहिल्या प्रयत्नाला मी ते घरी करायला सांगणार नाही.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. गरम ॲल्युमिनियम हेडचे बोल्ट सैल केले तर हेड तिथेच वाकतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इंधनाचा दाब सोडा. कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्रं-मांजर चाटून मरतं. रेडिएटरबरोबर ब्लॉकचा ड्रेन प्लगही काढा, नाहीतर हेड उचलताना उरलेलं पाणी थेट सिलेंडरमध्ये जाईल. प्रत्येक टप्प्याचे फोटो घ्या, प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवून वर लिहा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा. घाई केली की तिथला स्टड हमखास तुटतो.

बेल्ट काढण्याआधी एक नंबरचा पिस्टन वरच्या टोकावर आणा आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँक यांच्या खुणा जुळल्याची खात्री करून स्वतःची पांढरी खूणही करा. कॅम काढावा लागला तर टॅपेट (कॅम आणि वॉल्व्हच्या मधला तुकडा) ज्या जागेचा त्याच जागी परत जायला हवा. पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर घाला आणि त्यात ठेवा. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे सैल करा. हेड चिकटलं असेल तर सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालू नका, तो एक ओरखडा पुढे गळतो. मॅनिफोल्डच्या जागेला धरून हलवा, सुटतं. उचलायला दोन माणसं हवीत. खाली ठेवताना दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. कॅम जागेवर असेल तर काही वॉल्व्ह उघडे असतात, पालथं ठेवलं की वाकतात.

आता जुनं गॅस्केट फेकू नका, उजेडात धरून वाचा. सिलेंडरभोवतीची स्टीलची कडी आणि पाण्याचं भोक यांच्यामध्ये एक काळी रेघ सापडेल, बोटाने चाचपली तर किंचित खोल लागेल. तीच ती वाट. तिच्यासमोरच हेडवर आणि ब्लॉकवर खूण असते, आणि मोजताना तिथेच सर्वांत जास्त लक्ष द्यायचं. कुठेच रेघ नसेल तर मला काळजी वाटते, कारण मग हेडमध्ये किंवा ब्लॉकमध्ये तडा असण्याची शक्यता वाढते.

या पुढचा टप्पा हाच खरा दुरुस्तीचा भाग आहे. गॅस्केट क्वचितच स्वतःहून मरतं. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. खाली ब्लॉक बिडाचा असेल तर तापलेल्या हेडला बोल्टांनी जखडलेलं असताना पसरायला जागा उरत नाही आणि ते बाक घेतं. नवं गॅस्केट त्या बाकाच्या हेडवर बसवणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच काम करण्याची तयारी. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी असं एक हेड पुसून, नजरेने बघून बसवलं होतं. तीन आठवड्यांत गाडी परत आली, होज दगडासारखा टणक. या वेळी मोजलं, तर दोन आणि तीन नंबरच्या सिलेंडरच्या मधल्या जागेत फिलर गेजचं ०.१५ मिलिमीटरचं पान आरामात सरकलं. नजरेला ती जागा आरशासारखी सपाट दिसत होती.

मोजण्याआधी साफसफाई. जुना थर प्लास्टिकच्या पट्टीने किंवा अगदी आडव्या धरलेल्या पात्याने काढा, मऊ करणारा स्प्रे आधी मारून ठेवा. ड्रिलला लावायच्या घासण्याच्या चकत्या वापरू नका. ॲल्युमिनियमवर त्या खळगे पाडतात आणि त्यांची बारीक धूळ ऑईलच्या मार्गाने बेअरिंगांत जाऊन बसते. ब्लॉक साफ करताना सिलेंडर आणि सगळी भोकं कापडाने बुजवा.

मग स्ट्रेट एज हेडवर उभी धरा: दोन्ही लांब कडांवर, दोन्ही तिरक्या कर्णांवर, आणि प्रत्येक दोन सिलेंडरच्या मध्ये आडवी. खालून फिलर गेजचं ०.०५ मिलिमीटरचं पान सरकवून बघा. हे पान केसापेक्षा बारीक असतं, ढकललं तर दुमडतं. ते अडखळलं पाहिजे. बहुतेक ॲल्युमिनियम हेडची मर्यादा याच आकड्याच्या आसपास असते, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. ब्लॉकही तसाच मोजा, लोक तो विसरतात.

हेड मर्यादेबाहेर असेल तर ते मशीनवर फेसिंगला, म्हणजे खालचा पृष्ठभाग कापून सपाट करायला जाईल. तिथे चार गोष्टी स्पष्ट सांगा. फेसिंगच्या आधी हेडची प्रेशर टेस्ट करून तडा आहे का बघा, कारण तडा गेलेलं हेड सपाट करून काही मिळत नाही. दोन वॉल्व्ह सीटच्या मधली जागा त्यांना खास दाखवा. हेडची किमान जाडी मॅन्युअलमधून लिहून द्या. आणि गॅस्केट स्टीलच्या अनेक पत्र्यांचं असेल तर पृष्ठभाग खूप गुळगुळीत लागतो, हे आधीच बोला. वरच कॅम असलेल्या हेडमध्ये आणखी एक पेच आहे. हेड वाकलं की कॅमच्या बेअरिंगांची रेषाही वाकते, आणि खालून फेसिंग करून ती सरळ होत नाही. कॅम मोकळा ठेवून, बेअरिंगांना ऑईल लावून, कॅप मॅन्युअलप्रमाणे आवळून हाताने फिरवा. अडकत असेल तर ते हेड सरळ करावं लागेल किंवा बदलावं लागेल.

हेड मशीनवर असताना ब्लॉकमधली बोल्टांची भोकं साफ करा, आणि हे काम मनापासून करा. आटे साफ करताना नवे आटे पाडणारा टॅप वापरू नका, तो धातू कापतो. जुन्या बोल्टला लांबीच्या दिशेने दोन चिरा पाडल्या की उत्तम साफ करणारा बोल्ट तयार होतो. तळ बंद असलेल्या भोकात ऑईल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं. टॉर्क रेंच आकडा दाखवतो पण हेडवर तेवढा दाब पडलेलाच नसतो, आणि वाईट प्रसंगी ब्लॉक तडकतो. चष्मा घालून हवेने प्रत्येक भोक कोरडं करा, मग कापडाची वात घालून ती कोरडी निघते का बघा.

बोल्ट नवेच घ्या. कोनाने आवळायचे बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देईल याची शाश्वती नसते. डिझेल इंजिन असेल तर गॅस्केटची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावर ठरते, कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून जुन्यासारखंच मागवा.

गॅस्केट कोरडं बसवा. त्यावर कुठलंही चिकट सीलंट लावू नका, मॅन्युअलने एखाद्या कोपऱ्याला सांगितलं असेल तेवढंच. वरची बाजू आणि पुढची बाजू यांच्या खुणा पाळा, ऑईलचं भोक ऑईलच्याच भोकावर आलंय हे ब्लॉकवर ठेवून डोळ्यांनी खात्री करा. हेड सरळ खाली डॉवेलवर (ब्लॉकवरच्या जागा धरणाऱ्या खुंट्यांवर) उतरवा, गॅस्केटवर सरकवू नका. मॅन्युअलने सांगितलं असेल तर आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली थेंबभर ऑईल लावा. मग मधल्या बोल्टापासून सुरू करून दिलेल्या क्रमाने बाहेरच्या दिशेने आवळत जा. पहिली फेरी हलक्या टॉर्कची, त्यानंतर कोनाच्या फेऱ्या, बहुतेकदा ९० अंशांच्या. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्या, म्हणजे कोणता फिरला आणि कोणता राहिला यात गफलत होत नाही. शेवटच्या फेरीत पान्याला येणारा विरोध सारखा, जड आणि अखंड वाटतो. एखादा बोल्ट अचानक हलका फिरला तर तिथेच थांबा. त्याचे आटे निघताहेत किंवा तो तुटण्याच्या बेतात आहे.

बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट आता नवेच घाला. यांतलं एक जरी पुढच्या वर्षी गेलं तरी सगळं पुन्हा उघडायचं. स्टार्टर मारण्याआधी क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का बघा. कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, वॉल्व्ह पिस्टनला लागतोय.

नवं ऑईल आणि फिल्टर घाला. जुनं ऑईल दुधाळ होतं म्हणून पहिल्या थोड्या किलोमीटरनंतर ऑईल पुन्हा बदला. इंधन बंद ठेवून ऑईलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, मगच इंजिन सुरू करा. कूलंट गाडीच्या कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचं, मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड पाण्यात. हवा काढताना घाई नको. गाडीचं नाक थोडं उंच, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा, आणि रेडिएटरचा पंखा निदान दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिनाजवळून हलू नका. खालचा होज गरम झाला नाही तर थर्मोस्टॅट उघडलेला नाही किंवा हवा अडकली आहे. तुमच्या गाडीत मूळ कारण फुटलेला होज होता, तरी पंखा आणि रेडिएटरचं झाकण याच वेळी तपासा. जुनं झाकण परत लावू नका.

पहिले काही दिवस धूर थोडा पांढरा राहील, सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी निघून जायला वेळ लागतो. त्याने घाबरू नका. छोटी फेरी मारा, गाडी रात्रभर उभी ठेवा, आणि सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी बघून वरचा होज दाबा. मग सुरू करून दोन मिनिटांनी पुन्हा दाबा. आठवडाभर रोज एवढंच करा. होज मऊ राहिला आणि पातळी हलली नाही, तर लांबच्या प्रवासाला गाडी काढायला हरकत नाही.